दारावरचा गणेश आणि नाक्यावरचा शिपाई

श्रीगणेशाची जन्मकथा आपल्या घराघरांत लहानथोरांच्या तोंडी आहे. पार्वतीमातेने आपल्या अंगीच्या मळापासून बालक घडविले, त्यात प्राण ओतला आणि स्नानास जाताना त्याला दारावर उभे केले. बालकाने मातेची आज्ञा तंतोतंत पाळली. प्रत्यक्ष भगवान शंकर आले, तरी त्याने त्यांना आत सोडले नाही. पुढे कोणता अनर्थ ओढवला आणि त्यातून गजानन कसा प्रकटला, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र या कथेतील एका गोष्टीकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या दारात दोघांपैकी कोणीही अपराधी नव्हते. पहारेकरी कर्तव्यनिष्ठ होता आणि घरधनी आपल्याच घरी परतत होता. उणीव एकच होती, ती म्हणजे दोघांची परस्परांशी ओळख नव्हती.

गणरायाच्या आगमनसमयी ही कथा आठवण्यास कारण आहे. उत्सवाच्या दिवसांत आपल्याही वाड्यांच्या तोंडाशी असाच एक पहारेकरी उभा असतो. खाकी गणवेशातील पोलीस शिपाई. स्वतःच्या घरची मूर्ती कुटुंबीयांच्या हाती सोपवून तो आपल्या मंडपाची राखण करतो. आरतीच्या वेळी टोपी सावरून दुरूनच हात जोडतो आणि विसर्जनाच्या रात्री शेवटची मूर्ती पाण्यात उतरेपर्यंत जागेवरून हलत नाही. त्याला प्रसाद देण्यास आपण विसरत नाही. परंतु त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांनी विचारले असेल?

वाडीची जुनी राखण

आमच्या गिरगावात वाड्यांची नावेच बागाईतीची आहेत. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी. फणस-आंब्यांची झाडे केव्हाच गेली आणि त्यांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. फणसवाडीत श्रीवेंकटेशाच्या देवळाचे दाक्षिणात्य धाटणीचे गोपुर उभे आहे, शेजारी मराठी, गुजराती, मारवाडी कुटुंबे नांदत आली आहेत आणि हाकेच्या अंतरावर काळबादेवी-भुलेश्वरची पेठ अहोरात्र गजबजलेली आहे. सोन्याचांदीचा व्यवहार, देवळांतील गर्दी आणि परगावाहून आलेले कारागीर यांनी भरलेल्या या भागात चोरापोरांचे भय नसते तरच नवल. तरीही कित्येक पिढ्या येथे दिवसा दारे उघडी राहिली. याचे श्रेय कुलुपाला नव्हते, चाळीच्या गॅलरीला होते. कोणीही अनोळखी माणूस जिन्याशी आला की वरून प्रश्न येई, ‘कोण पाहिजे?’ गॅलरीत तांदूळ निवडीत बसलेल्या आजीबाईंच्या नजरेतून काही निसटत नसे.

ती गॅलरी आता विरळ होत चालली आहे. जुन्या चाळींचा पुनर्विकास होऊन उंच इमारती उठत आहेत. मुलेसुना बोरिवली, डोंबिवली, विरारकडे किंवा परदेशी स्थायिक झाल्या आहेत. कित्येक बिऱ्हाडांच्या जागी कचेऱ्या आणि गोदामे आली आहेत. मागे उरलेली वृद्ध मंडळी बंद दाराआड एकटी राहतात आणि शेजारच्या दारावरील नावाची पाटीही कधी कधी अनोळखी असते. वाडीची राखण जी आपोआप होत होती, ती आता हेतुपूर्वक करावी लागणार आहे. ती करावयाची तर पोलिसाशी असलेला आपला दुरावा प्रथम दूर केला पाहिजे.

दुराव्याचे मूळ

हा दुरावा आला कोठून, याचा विचार केला पाहिजे. मुंबई बेटाच्या इतिहासात आरंभीचा पहारेकरी परका नव्हता. १६६९ साली गव्हर्नर जेराल्ड आँजिअर याने बेटाच्या रक्षणासाठी जी फौज उभारली, ती येथल्याच भंडारी समाजातील माणसांची होती. रस्ते, माणसे आणि खाड्या ज्यांना ठाऊक, त्यांच्याच हाती राखण. पुढे इंग्रजी अंमल स्थिरावला आणि पोलीस हा सरकारचा माणूस झाला. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा उसळला. लोकमान्यांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणेशोत्सवाने आकार घेतला तो त्याच सुमारास, आणि गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतील उत्सवही १८९३ चाच. त्या काळी मेळ्यांतील पद्यांवर सरकारची करडी नजर असे. मंडपाबाहेरचा शिपाई आपल्या रक्षणासाठी आहे की आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी, हा संशय तेव्हा रास्तच होता.

स्वातंत्र्य आले, राज्य आपले झाले, परंतु संशय पुरता गेला नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण पोलीस ठाण्यालाही लावीत आलो. तक्रार नोंदवून घेण्यातील टाळाटाळ आणि गरिबाला मिळणारी दरडावणी यांमुळे हा संशय पोसला गेला, हेही मान्य केले पाहिजे. विश्वास ही एका बाजूने मागावयाची वस्तू नाही. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीदवाक्य ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचे पारिपत्य असा त्याचा आशय. त्यात रक्षण आधी आणि निग्रह मागाहून येतो, हा क्रम ठाण्याच्या पायरीवरही अनुभवास आला पाहिजे.

भिवंडीचा धडा

ओळखीने काय साधते, याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या वेशीवरच घडले. यंत्रमागांचे गाव असलेल्या भिवंडीत ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भीषण दंगल झाली. मे १९८४ मध्ये ती पुन्हा पेटली. मिरवणूक निघावयाची म्हटली की गावाच्या पोटात गोळा उठे. १९८८ साली तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या स्थापन केल्या. त्यांत दोन्ही धर्मांची सामान्य माणसे होती आणि त्या भागाचा पोलीसही होता. मोठी भाषणे करण्यासाठी या समित्या नव्हत्या. गटार तुंबले, नळावर भांडण झाले, शेजाऱ्यांत तंटा पडला, असे नित्याचे प्रश्न घेऊन माणसे एकत्र बसत आणि त्या निमित्ताने परस्परांचे चेहरे ओळखीचे होत.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मुंबईत सुमारे ९०० माणसे प्राणास मुकली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने आपल्या अहवालात पोलिसांच्या वर्तनातील दोषही स्पष्ट शब्दांत दाखविले. त्या जखमेतून धडा घेऊन १९९४ साली मुंबईतही मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले. तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांनी त्यासाठी परिश्रम घेतले. वस्तीतील तरुण आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामने भरविण्यासारखे साधे उपायही त्यांत होते. ज्याच्यासोबत आपण खेळलो, त्याच्यावर दगड उचलताना हात अडखळतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

गणेशोत्सवापूर्वी पोलीस ठाण्यांत मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या ज्या बैठका होतात, त्यांकडे याच दृष्टीने पाहावयास हवे. मिरवणुकीचा मार्ग आणि ध्वनिवर्धकाची वेळ यांवरून तेथे कुरबुरी होतातच. परंतु परवान्याच्या कागदासाठी ठाण्यात गेलेला कार्यकर्ता एका अधिकाऱ्याला नावाने ओळखू लागला, तर वर्षभराचे काम त्या एका भेटीत सुरू होते.

चौपाटीवरील स्मृती

ज्या गिरगाव चौपाटीवर आपण बाप्पांना निरोप देतो, तेथेच २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याच्या शिपाई-अधिकाऱ्यांनी नाकाबंदी केली होती. सहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. अतिरेक्याच्या बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि कसाब जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. साताऱ्याकडील केडंबे गावचा हा सुपुत्र. त्या रात्रीपूर्वी आपण त्यांना रस्त्यात पाहिले असते, तर ते आपल्या लेखी एक अनामिक हवालदारच ठरले असते. त्यांच्यासारखे कर्तव्य बजावणारे शेकडो आजही आपल्या वाडीच्या तोंडावरून येजा करीत असतात.

तोतया पहारेकरी

ओळख नसल्याचा सर्वांत मोठा तोटा अलीकडे एका नव्याच वाटेने आपल्या घरात शिरला आहे. एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या मोबाईलवर चित्रफोन येतो. पलीकडे खाकी गणवेशातील मनुष्य, मागे ठाण्याचा देखावा. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केले आहे, फोन बंद करू नका, कोणाला सांगू नका, अशी धमकी देऊन आयुष्यभराची पुंजी दुसऱ्या खात्यात वळती करून घेतली जाते. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूदच नाही. खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी नभोवाणीवरून देशाला हे सांगितले. फोनवर चौकशी करून पैसे मागणारा पोलीस असूच शकत नाही.

ही फसवणूक साधते, कारण पोलिसाचे भय आपल्या मनात आहे आणि खऱ्या पोलिसाची ओळख मात्र नाही. ज्या घरात आपल्या ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहिलेला आहे आणि बीटवरचा शिपाई नावाने ठाऊक आहे, तेथील वृद्ध चटकन म्हणू शकतो, ‘थांबा, मी आधी आमच्या ठाण्यात विचारतो.’ एवढ्या एका वाक्यापुढे तोतयाचा खेळ खलास होतो.

दहा दिवसांचा संकल्प

तेव्हा या गणेशोत्सवात प्रत्येक वाडीने आणि प्रत्येक घराने काही साध्या गोष्टी कराव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. मंडळाने एका संध्याकाळी आपल्या बीटवरील अधिकाऱ्यांना आरतीस बोलवावे आणि सर्वांना, विशेषतः महिला व ज्येष्ठांना, त्यांची ओळख करून द्यावी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नावे ठाण्यात नोंदवावीत. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्याला अनुसरून केलेल्या नियमांत अशी यादी ठेवण्याची आणि त्यांच्या घरी नियमित भेट देण्याची जबाबदारी पोलीस ठाण्यावर टाकलेली आहे. आपण नावेच दिली नाहीत, तर भेट कोणाला देणार? खोली भाड्याने देताना भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी. संकटसमयी ११२ आणि सायबर फसवणूक होताच १९३० हे क्रमांक घरातील लहान मुलांनाही पाठ असावेत.

आपले हक्कही आपल्याला ठाऊक असावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. स्त्रिया आणि साठ वर्षांवरील पुरुष यांना साक्षीदार म्हणून चौकशीसाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. हक्क जाणणारा नागरिक ठाण्याची पायरी भीतभीत चढत नाही, आणि अधिकाऱ्यालाही अशा नागरिकाशी नीट बोलावे लागते. स्नेह टिकतो तो अशाच बरोबरीच्या नात्यात.

अनंत चतुर्दशीस मूर्ती समुद्रात जाईल, मंडप उतरेल, रस्ते पुन्हा रिकामे होतील. शिपाई मात्र दुसऱ्या दिवशीही त्याच नाक्यावर असेल. त्याला नावाने हाक मारून ‘नमस्कार’ म्हणण्याइतकी ओळख या दहा दिवसांत झाली, तर विघ्नहर्त्याची सेवा खऱ्या अर्थाने रुजू झाली, असे आम्ही समजू.