सातबारा तिसऱ्याच्याच नावावर

१९९० साली अ‍ॅपलला चिप हवी होती, पण चिपवाली कंपनी नको होती. ‘न्यूटन’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आधी एटी अँड टीची ‘हॉबिट’ चिप ठरली होती. ती महाग पडत होती, वर दोष निघतच होते. प्रकल्पाची सूत्रं हाती आल्यावर लॅरी टेस्लर यांनी केंब्रिजच्या एकॉर्नकडे मोर्चा वळवला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांचा तिथला एआरएम प्रोसेसर वीज फार कमी खायचा. १९८५च्या चाचणीत तर वीज मोजणारा मीटर शून्यच दाखवत होता. नंतर कळलं, चिपला वीज जोडलेलीच नव्हती. बाकीच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवर तिचं भागत होतं!

पण एकॉर्न स्वतः संगणक विकायची. ब्रिटनमधल्या शाळांच्या बाजारात ती अ‍ॅपलची प्रतिस्पर्धीच. आपल्या पैशांतून सुधारलेलं डिझाइन तिच्या मालकीचं कसं राहू द्यायचं? मग तोडगा निघाला तो असा, की डिझाइनचा सातबारा कुणाच्याच घरात ठेवायचा नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये एआरएम नावाचीच वेगळी कंपनी निघाली. एकॉर्नने हक्क आणि १२ अभियंते दिले, अ‍ॅपलने सुमारे १५ लाख पौंड, चिप बनवणाऱ्या व्हीएलएसआयने अडीच लाख. एआरएममधला ‘ए’ आतापर्यंत एकॉर्नचा होता. तो ‘अ‍ॅडव्हान्स्ड’चा झाला. प्रतिस्पर्ध्याचं नाव पाटीवर राहिलं असतं तर अ‍ॅपल सहीला बसली असती का, शंकाच आहे.

तीन तिघाडा काम बिघाडा, असंच कुणीही म्हणालं असतं. झालं उलटं. प्रमुख म्हणून आलेल्या रॉबिन सॅक्सबींनी चिप बनवायचीच नाही, डिझाइन भाड्याने द्यायचं ठरवलं: आधी परवाना शुल्क, मग विकल्या जाणाऱ्या प्रत्येक चिपमागे रॉयल्टी. याचं श्रेय एकट्या सॅक्सबींच्या दूरदृष्टीला देतात. मला ते निम्मंच पटतं. एवढ्या भांडवलात कारखाना उभा राहणं शक्य नव्हतं. शिवाय डिझाइन एकाच भागीदाराच्या पदरात पडलं असतं तर उरलेले दोघे बिथरले असते. सगळ्यांना विकणं हाच त्यातल्या त्यात कमी भांडणाचा मार्ग होता. अ‍ॅपलच्या गरजेपायी ३२ बिटांचं अ‍ॅड्रेसिंग आलं. तेही पुढे परवाना घेणाऱ्या प्रत्येकाला मिळालं.

न्यूटन १९९८ मध्ये गुंडाळला गेला. त्याच वर्षी एआरएम शेअर बाजारात आली, आणि पडत्या काळात अ‍ॅपलला हात दिला तो या शेअर्सच्या विक्रीने.

२०२० मध्ये एनव्हिडियाने एआरएम ४० अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं, तेव्हा क्वालकॉमसारखे ग्राहक उठून बसले. ज्याच्याशी बाजारात झुंजायचं त्याच्याच दारात परवान्यासाठी उभं राहायचं? अमेरिकेच्या व्यापार आयोगाने खटला भरला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सौदा फिसकटला.