डायनासोर कशाने संपले? खापर लोणारवर नको

लोणारच्या काठावर उभं राहिलं की बरोबरचं कुणीतरी हमखास सांगतं, डायनासोरांना संपवणारी उल्का ती हीच. हे खरं नाही, आणि त्याचा पुरावा त्या विवराच्या कड्यातच आहे. १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा ज्या काळ्या दगडात पडला, तो दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. डायनासोर संपले सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि त्याच सुमाराला हा लाव्हा वाहून थिजत होता. खड्डा पडायला आधी दगड हवा. लोणारचं वय अलीकडच्या मोजणीत सहा लाख वर्षांच्या आतच भरलं आहे.

खरं विवर मेक्सिकोत आहे. युकातान द्वीपकल्पाच्या टोकाला, चिक्शुलूब गावाजवळ, अर्धं जमिनीखाली आणि अर्धं समुद्रतळाखाली गाडलेलं. व्यास साधारण १८० किलोमीटर. संशयाची सुरुवात मात्र इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळ, चुनखडीच्या थरांमधल्या, डायनासोर संपले त्याच काळातल्या, जेमतेम बोटभर जाडीच्या मातीच्या पट्ट्यात झाली. लुईस आणि वॉल्टर अल्व्हारेझ या बापलेकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या मातीत इरिडियम नेहमीच्या सुमारे तीसपट सापडलं. हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, पण उल्कांमध्ये भरपूर. १९८० साली त्यांनी उल्कापाताचा सिद्धान्त मांडला.

ही उल्का अंदाजे दहा किलोमीटर रुंद होती. पण ती आदळली आणि सगळे डायनासोर जागच्या जागी मेले, असंही झालं नाही. आघाताच्या टापूत सर्वनाश झालाच. जगभरचा घात मात्र अंधाराने केला. तिथल्या खडकात जिप्सम होतं. त्यातलं गंधक, बारीक धूळ आणि वणव्यांची काजळी आभाळात पसरली, ऊन अडलं, तापमान उतरलं. झाडं मेली, मग झाडं खाणारे, मग त्यांना खाणारे. सजीवांच्या तीन चतुर्थांश प्रजाती यात गेल्या. समुद्रातले अमोनाइट गेले, आकाशातले टेरोसॉर गेले (ते डायनासोर नव्हते, तरी चित्रांत त्यांना त्यांच्यातच बसवतात). डायनासोरांची एक शाखा मात्र तगली: पक्षी.

आता सह्याद्री. तो म्हणजे एक विझलेला ज्वालामुखी, त्याने आग ओकली आणि डायनासोर जळाले, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पण दख्खनचा लाव्हा इथे शंकूसारख्या एका डोंगरातून नव्हे, तर जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून पसरला, तोही पुन्हा पुन्हा, कित्येक लाख वर्षं. घाटातल्या एखाद्या उभ्या कड्याकडे नीट पाहा. काळ्या दगडाचे आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात आणि काही ठिकाणी मध्येच लाल मातीचा पट्टा. एक लाव्हा थंड होऊन त्याचा माथा झिजून माती होईपर्यंत दुसरा आला नाही, हे तो पट्टा सांगतो. मधल्या काळात जीवसृष्टी परतायची. कच्छमध्ये अंजारजवळ याच लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात डायनासोरांची हाडं सापडली आहेत. खाली लाव्हा थिजलेला असताना हे प्राणी त्यावर वावरत होते.

म्हणून सह्याद्री निर्दोष ठरतो का? तसंही म्हणता येत नाही. लाव्ह्याबरोबर बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू हवामान बिघडवू शकत होते. वाद आहे तो वेळेचा. २०१९ साली दोन गटांनी दख्खनच्या थरांची वयं स्वतंत्रपणे मोजली. एकाच्या मते उद्रेकाचा एक मोठा भर उल्केच्या थोडा आधी होता; दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा उल्केनंतर आला. दुसरं खरं असेल, तर जो लाव्हा नंतर आला त्याच्यावर आधीच्या मृत्यूंचा आरोप ठेवता येणार नाही. आजचे पुरावे तोलले तर पारडं चिक्शुलूबच्या बाजूनेच झुकतं, असं मला वाटतं. दख्खनने किती हातभार लावला, हे ठरायचं आहे आणि त्याचं उत्तर आपल्या घाटांतल्या थरांची वयं आणखी बारकाईने मोजूनच मिळेल.