हिवाळ्यातले पाहुणे आणि माझी काठी



मागच्या वर्षी हे गेले आणि महिन्याभरातच मी न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडले नाही, पण मनात भीती बसली. जिना उतरायचा म्हटले की पाय लटपटत. कुपात खोलीमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात बसून राहिलात तर पायांतली ताकद जाईल आणि पुन्हा पडाल." पटले, पण एकटीने जायचे कुठे?

शेवटी नातवाने येरुहामच्या तळ्यावर नेले. काठी टेकत पहिल्या बाकापर्यंत गेले आणि बसले. पाण्यात काळे पक्षी पोहत होते, कपाळावर पांढरा टिळा. "आजी, हे कोण?" मी म्हटले, "वारकरी!" अलिबागकडे लहानपणी पाहिलेला पक्षी इतक्या वर्षांनी ओळखीचा निघाला. शेजारी चपट्या चोचीची थापट्या बदके होती आणि एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता.

घराजवळच्या बागेतही पाहुणे असतात. सुकोथच्या सुमारास शेपटी हलवत येणारा नखलिएली म्हणजे आपला धोबी. तो हिवाळ्यात इथेही येतो आणि भारतातही. तुरेवाला हुदहुद तर 2008 पासून इस्राएलचा राष्ट्रीय पक्षी आहे. चालणे अगदीच जमत नसेल त्यांनी मुलांना सांगून उत्तरेला हुला खोऱ्यात जावे. तिथे हजारो क्रौंच हिवाळा काढतात आणि ट्रॅक्टरने ओढलेल्या गाडीत बसून ते जवळून पाहता येतात.

आता अनुभवाचे चार शब्द. ऊन वर आल्यावर, साधारण नऊनंतर निघावे. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे, उकडले तर एक काढता येतो. बूट बंद आणि रबरी तळाचे हवेत. पावसानंतर ओल्या फरशीवरून जाऊ नये. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवून घोट घोट प्यावे. डॉक्टरांनी पाणी बेताने प्यायला सांगितले असेल तर तेच पाळावे. उडता पक्षी उभ्याने मान वर करून पाहू नये, चक्कर येते, आधी बसावे. दुर्बीण हलकी घ्यावी. सोबत कोणीतरी असावे, निदान फोन तरी.

आणखी एक. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये. 2021 च्या डिसेंबरात हुला खोऱ्यात बर्ड फ्लूने हजारो क्रौंच मेले. असे काही दिसले तर बागेच्या कर्मचाऱ्यांना सांगावे.

या हिवाळ्यात मी तिसऱ्या बाकापर्यंत जाते. काठी आहेच. यांच्यासाठी बाकावर जागा सोडून बसायची सवय अजून गेलेली नाही. परवा तिथे शेजारच्या इमारतीतल्या एक बाई येऊन बसल्या. त्यांनाही मी वारकरी दाखवले.

तुमच्या गावच्या बागेत कोण कोण आले आहे? जरूर कळवा.