खारीची पिसू आणि प्लेगचे भय

विलायतेत घराच्या माळ्यावर करड्या खारीने घरटे केले आणि घरात कोणाला पिसवा चावल्या, की मुंबईच्या 1896 च्या प्लेगच्या हकिकती वडीलधाऱ्यांकडून ऐकत वाढलेल्या मराठी कुटुंबाच्या मनात पहिली शंका येते ती प्लेगचीच. आणि कॅलिफोर्नियातील भूखारींच्या पिसवा तो रोग वाहतात, हे कानावर आलेले असले म्हणजे त्या शंकेला पुरावाच मिळाल्यासारखा वाटतो. परंतु बिळात राहणारी ती भूखार ब्रिटनच्या रानात मुळी नाहीच. इथली करडी खार झाडावरची. 1876 साली चेशायर परगण्यात ती अमेरिकेतून आणून सोडण्यात आली, आणि ऑर्कोपिअस हॉवर्डी ही तिची अमेरिकी पिसूही आज इथे नांदते. मूळच्या तांबड्या खारीची पिसू निराळी.

पिसू तेवढी सारखीच, हा समज इंग्रज कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी आयुष्यभर पिसवा गोळा करून खोडून काढला. प्लेग पसरविणाऱ्या उंदराच्या पिसवेला 1903 साली नाव दिले तेही त्यांनीच. पुढे 1914 मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेतील बेकट आणि मार्टिन यांनी दाखविले, की प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्नमार्गात वाढून तो तुंबवितात. मग भुकेने व्याकुळ झालेली ती पुनःपुन्हा दंश करते, आणि पोटात न उतरलेले रक्त जंतूंसह जखमेत परत जाते. मात्र त्यासाठी जनावराच्या रक्तात आधी प्लेग असावा लागतो. ब्रिटनमधील नैसर्गिक लागणीची त्याची अखेरची प्रकरणे सफक परगण्यात 1918 साली घडली, आणि आज इथल्या खारींत तो नाही.

खार हुसकून लावली म्हणजे पिसवांचा बंदोबस्त झाला, हेही खरे नव्हे. त्यांची अंडी, अळ्या आणि कोश अंगावर नसून घरट्याच्या पाचोळ्यात असतात. यजमान गेला तरी कोशातली पिसू वाट पाहते, आणि पावलांच्या हादऱ्याने बाहेर पडून माणसाला चावते. माणसाच्या अंगावर ती वस्ती करीत नाही. घरटे काढून जागा साफ करणे हाच इलाज.

काळजी करावी ती गोचिडीची, आणि तिच्याकडेच आपले दुर्लक्ष होते. करड्या खारींच्या अंगी लाइम रोगाचे जंतू ब्रिटनमध्ये आढळलेले आहेत, आणि ते माणसापर्यंत आणते ती पिसू नव्हे, गोचीड. रानातून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत तिळाएवढा काळा ठिपका दिसला, तर गावाकडच्या वहिवाटीप्रमाणे त्यावर रॉकेल घालू नये, काडी लावू नये; बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून ती सरळ, संथपणे ओढावी, आणि पुढील काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा तांबडा चट्टा उमटला तर लागलीच डॉक्टरांकडे जावे.