‘मला माझी लिमिट माहीत आहे’

कॉलेजातल्या मुलांच्या तोंडचं एक वाक्य आज आपण तपासायला घेऊ: ‘मला माझी लिमिट माहीत आहे.’ येऊरला पार्टीला निघालेला ठाण्यातला मुलगा हे म्हणतो, डोंबिवली-कल्याणहून त्याला येऊन मिळणारे मित्रही म्हणतात. ती मुलं खोटं बोलत नसतात. पण तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही जो प्रश्न विचारायचो, तोच इथे विचारू. हे ज्ञान कुणाला आहे, आणि केव्हा?

लिमिट माहीत असते ती पिण्याआधीच्या माणसाला. दारू मेंदूत पोचली की ‘आता पुरे’ म्हणणारा, कपाळामागचा भाग लवकर सुस्तावतो. म्हणजे राखणदारच आधी पेंगतो! त्यातून हा भाग पुरता तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. आपल्या राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, ती या दृष्टीने बघा.

आता थोडं गणित. क्वार्टर म्हणजे १८० मिली. त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल धरलं, तर शुद्ध अल्कोहोल होतं सुमारे ६० ग्रॅम. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निकालात काढतं. म्हणजे एका क्वार्टरला सहा ते नऊ तास लागतात. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री बाराला प्यालेला मुलगा पहाटे बाइक काढतो किंवा लोकलच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याला वाटतं उतरली. रक्तातली अजून उतरलेली नसते.

सगळ्यात महत्त्वाचं पुढेच आहे. ग्लास खाली ठेवल्यावरही पोटातली दारू रक्तात जातच राहते. त्यामुळे ‘झोपू दे त्याला, सकाळी ठीक होईल’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो. बेशुद्धीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते, कारण ठसका लागण्याची क्रियाही मंदावलेली असते. हलवूनही मित्र जागा होत नाही, श्वास मंद किंवा तुटक चाललाय, अंग गार पडलंय, ओठ निळसर दिसताहेत, यातलं एक जरी दिसलं तरी त्याला कुशीवर वळवा, उलटी काढायला लावू नका, एकटं सोडू नका आणि १०८ ला फोन करा. घरी कळेल, ओरडा बसेल, ही भीती आम्ही समजू शकतो. ओरडा दोन दिवसांत विरतो हो.

पालकांनीही एक करावं. ‘पिऊन आलास तर घरात पाऊल टाकू नकोस’ या वाक्यामुळे पिणं थांबतंच असं नाही, फोन मात्र थांबतो. ‘काहीही झालं तरी आधी आम्हाला फोन कर’ एवढं सांगून ठेवा. जाब सकाळी विचारता येतो.

आणि पिणं एका रात्रीपुरतं राहिलं नसेल, तर लपवू नका. ठाण्यात आयपीएच आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, १४४१६ ही सरकारी टेलिमानस सेवा आहे.

थोडी घेतली तर चालते, असंही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की आरोग्याला निर्धोक असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. तेव्हा लिमिट ठरवायचीच, तर पहिल्या ग्लासाच्या अलीकडे ठरवावी. ठरवणारा तिथेच पूर्ण जागा असतो.