उपचारांच्या काठाने : रात्री दोनला कुणाला विचारायचं?

केमोनंतर तोंड आलं की काय गिळता येतं? काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताने पाण्याची कळशी उचलावी का? टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू झाल्यावर अंगातून वाफा निघतात, त्या किती दिवस? हे प्रश्न ओपीडीत सुचत नाहीत. तिथे पाच मिनिटं मिळतात, आणि शेजारी दीर बसलेला असतो. उपचारांच्या काळात रात्री झोप उडते. त्याच जागरणात हात मोबाइलकडे जातो.

अमेरिकेत अ‍ॅलिशिया स्टेली आणि जोडी शोगर या कर्करोग सोसलेल्या दोघींनी ४ जुलै २०११ रोजी ट्विटरवर ‘बीसीएसएम’ (ब्रेस्ट कॅन्सर सोशल मीडिया) या हॅशटॅगखाली गप्पा सुरू केल्या. दर सोमवारी रात्री तासभर, विषय आधी ठरलेला. पुढे स्तनशल्यविशारद डॉ. डिॲना अताई त्यांना येऊन मिळाल्या. या गप्पांविषयीची एक पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तरं देणाऱ्या २०६ जणांपैकी सुमारे ८१ टक्क्यांनी आपली माहिती वाढल्याचं सांगितलं. आधी तीव्र चिंता असलेल्या ४३ रुग्णांपैकी २९ जणांची चिंता अगदी कमी झाली किंवा उरलीच नाही. (कंटाळून निघून गेलेल्यांनी असे फॉर्म भरले असतील असं वाटत नाही, तेव्हा आकडे जरा हात राखूनच घ्यावेत.) मला यातली डॉक्टरांची हजेरी मोलाची वाटते. चुकीचं काही आलं तर तिथल्या तिथे हटकणारं माणूस होतं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डला असं कोण हटकणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग बरा होण्याचं श्रेय हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि साखर-दूध बंद करण्याला दिलं, आणि तो व्हिडिओ घराघरांत पोहोचला. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना एकत्र येऊन पत्रक काढावं लागलं: या दाव्यांना भक्कम पुरावा नाही, उपचार थांबवू नका. सिद्धूंच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती. हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचारांच्या जोडीला होता, असा खुलासा सिद्धूंनी नंतर केला. पण खुलासे कोण फॉरवर्ड करतं? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या येलच्या संशोधकांच्या अभ्यासात, नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचारांवर विसंबलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त आढळला. म्हणून तोंड आल्यावर काय खावं, विग कुठे मिळतो, हे मैत्रिणींना खुशाल विचारा. केमो घ्यावी की नाही, हे मात्र डॉक्टरांनाच.

आता खासगीपणाचं. २०१८ मध्ये अमेरिकेत बीआरसीए जनुकात स्तनकर्करोगाचा धोका वाढवणारा बदल असलेल्या स्त्रियांच्या फेसबुकवरच्या ‘बंद’ गटातल्या सदस्यांची नावं बाहेरच्यांना उतरवून घेता येत होती, हे त्या गटातल्याच एकीच्या लक्षात आलं. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तर प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. सासरी नुसती ‘गाठ काढली’ एवढंच सांगितलं असेल, तर गटात शिरण्याआधी त्यात ओळखीचं कोण आहे, हे अ‍ॅडमिनला विचारून घ्या.