कोकण किनारपट्टीवरील जुन्या घरांचे काँक्रीटकाम : ऱ्हासाची कारणे व दुरुस्तीची तत्त्वे

सारांश : कोकण किनाऱ्यावरील जुन्या चिरेबंदी घरांना गेल्या काही दशकांत काँक्रीटच्या स्लॅबची, खांबांची व छज्जांची जोड देण्यात आली. यांपैकी बरेचसे काँक्रीट मूळ घराच्या आधीच जीर्ण झालेले दिसते. प्रस्तुत लेखात या ऱ्हासामागील रासायनिक कारणे स्पष्ट केली असून, दुरुस्तीची व नव्या कामाची तत्त्वे मांडली आहेत. महाविद्यालयीन प्रयोगशाळा या कामी कोणते साहाय्य करू शकतात, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : जांभा दगड, क्लोराइड, कार्बोनेशन, सळ्यांचे गंजणे, आच्छादन, क्युरिंग.

१. प्रस्तावना

रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील पारंपरिक घर म्हणजे जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, मातीचा किंवा चुन्याचा दर्जा, लाकडी वासे व रिपा आणि त्यांवर मंगलोरी कौले. खाणीतून काढताना मऊ असणारा जांभा हवेत उघडा राहिल्यावर कठीण होतो. मात्र तो सच्छिद्र असतो. अशी भिंत पावसाळ्यात ओल घेते व नंतर ती हळूहळू बाहेर सोडते. पुढे आलेल्या छपरामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ही रचना अनुभवातून सिद्ध झालेली आहे.

या घरांना काँक्रीटची जोड देण्यामागील कारणेही तितकीच खरी आहेत. वाळवीने खाल्लेले वासे, दरवर्षीची कौलांची शाकारणी, माणसांची टंचाई आणि वादळाची भीती यांमुळे स्लॅब हा सुरक्षिततेचा पर्याय वाटू लागला. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात असंख्य घरांची छपरे उडाल्यानंतर ही भावना अधिकच दृढ झाली. तेव्हा स्लॅब नको, असे सरसकट म्हणणे योग्य ठरणार नाही. परंतु समुद्रकिनारी टाकलेला स्लॅब आणि देशावर टाकलेला स्लॅब यांचे आयुष्य सारखे नसते, ही गोष्ट घरमालक व गवंडी या दोघांच्याही लक्षात येणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखक रसायनशास्त्राचा अध्यापक आहे. लेखकाच्या गावच्या घराला जोडलेल्या स्वयंपाकघराच्या स्लॅबचे ढलपे सुटू लागले, तेव्हा त्यावर सिमेंटचा गिलावा करण्यात आला. तो गिलावा तीन पावसाळ्यांनंतर सळ्यांच्या गंजासह खाली आला आणि त्याच्या शेजारचा, पूर्वी चांगला असलेला भागही फुगला. असे का घडले, या प्रश्नातूनच प्रस्तुत विवेचनाचा आरंभ झाला.

२. ऱ्हासाची रासायनिक प्रक्रिया

ताज्या काँक्रीटमधील पाण्याचा सामू १२.५ ते १३ असतो. एवढ्या तीव्र अल्कधर्मी परिस्थितीत लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ व घट्ट थर तयार होतो आणि तो सळईचे रक्षण करतो. हे संरक्षण दोन मार्गांनी नष्ट होते.

पहिला मार्ग कार्बोनेशनचा होय. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे कॅल्शियम कार्बोनेटमध्ये रूपांतर करतो. परिणामी सामू ९ च्या खाली येतो व संरक्षक थर टिकत नाही. ही क्रिया जितक्या खोलीपर्यंत आत सरकते, ती खोली साधारणतः काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे ९ वर्षांत ती १० मिलिमीटर आत गेली असेल, तर २० मिलिमीटर जाण्यास ३६ वर्षे लागतात. सळईवरील आच्छादन दुप्पट केल्यास संरक्षणाचा काळ चौपट होतो, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरा व किनाऱ्यावर अधिक घातक मार्ग क्लोराइडचा होय. खाऱ्या वाऱ्यांबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण काँक्रीटवर बसतात, पावसाच्या ओलीबरोबर आत जातात व सुकताना आतच साठतात. ओले होणे व सुकणे हे चक्र जितके वारंवार, तितका हा साठा वाढतो. क्लोराइड सळईजवळ पोहोचल्यावर सामू उच्च असतानाही संरक्षक थर जागोजागी फोडतो. या क्रियेत तो स्वतः फारसा खर्च होत नाही. त्यामुळे एकदा सुरू झालेले गंजणे आपोआप थांबत नाही.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकते. या फुगण्यामुळे प्रथम सळईच्या रेषेत तडा जातो, नंतर ढलपा सुटतो. सळईची झीजही दुर्लक्ष करण्याजोगी नसते. ८ मिलिमीटर व्यासाची सळई ७ मिलिमीटर झाली, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी घटते.

३. मीठ आत कसे येते?

अनेकदा मीठ वाऱ्याने नव्हे, तर बांधकामाच्या दिवशीच काँक्रीटमध्ये मिसळले जाते. त्याचे दोन मुख्य स्रोत आहेत : खाडीची न धुतलेली रेती आणि मचूळ पाणी. कोकणातील बांधकामाचा हंगाम फेब्रुवारी ते मे असतो. नेमक्या याच काळात किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी खाली जाऊन मचूळ होते आणि क्युरिंगसाठी गोडे पाणी दुर्मीळ होते.

भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत प्रबलित काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, तर सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटसाठी २,००० मिलिग्रॅम दिलेली आहे. सर्व घटक मिळून प्रबलित काँक्रीटमधील क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोपेक्षा अधिक नसावा, असेही त्यात नमूद आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतो. एका घनमीटर काँक्रीटला १६० लिटर असे पाणी वापरल्यास सुमारे ३ किलो, म्हणजे मर्यादेच्या पाचपट क्लोराइड आत जाईल. भरतीचे पाणी शिरणाऱ्या विहिरीचा धोका यावरून समजू शकतो.

४. मानक आणि प्रत्यक्ष व्यवहार

उपरोक्त मानकानुसार किनारी वातावरणास उघडे असलेले काँक्रीट ‘तीव्र’ या वर्गात येते. त्यासाठी किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी व सिमेंट यांचे कमाल ०.४५ गुणोत्तर आणि ४५ मिलिमीटर आच्छादन अपेक्षित आहे. खाऱ्या हवेपासून आडोसा असलेल्या भागास ‘मध्यम’ वर्ग लागू होतो. तेथे एम-२५ प्रत, ०.५० गुणोत्तर व ३० मिलिमीटर आच्छादन सांगितले आहे.

प्रत्यक्षात घमेल्याने मोजलेले एकास दीडास तीन असे मिश्रण वापरले जाते. हे मिश्रण एम-२० प्रतीचे समजले जाते आणि मानक ठरावीक प्रमाणाच्या मिश्रणास त्यापुढे मान्यता देत नाही. काँक्रीट सहज पसरावे म्हणून पाणी अंदाजाने वाढवले जाते. वस्तुतः ०.४५ या गुणोत्तराने ५० किलोच्या एका पोत्यास, रेतीतील ओल धरून, केवळ २२.५ लिटर पाणी लागते. सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा ठेवला जातो व तो स्लॅब भरताना निसटतो. मानक आणि व्यवहार यांतील हे अंतर हेच अकाली ऱ्हासाचे मूळ होय.

याखेरीज वजनाचाही विचार व्हावयास हवा. १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे ३१० किलो भरते. रिपांसह मंगलोरी कौलांचे ६५ किलोच्या आसपास. मातीच्या दर्जातील जुन्या भिंतीवर हा पाचपट भार टाकण्यापूर्वी पाया व भिंत यांची अभियंत्याकडून तपासणी करून घेणे अपरिहार्य आहे. सपाट स्लॅबमुळे पागोळीचे अंतरही नाहीसे होते आणि भिंती भिजू लागतात. अखेरीस स्लॅबवर पुन्हा पत्र्याचे छप्पर घातले जाते, हे चित्र कोकणात सर्वत्र दिसते.

५. दुरुस्तीची तत्त्वे

दुरुस्तीपूर्वी निदान आवश्यक आहे. नुकत्याच फोडलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडल्यास अल्कधर्मी भाग गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. निरनिराळ्या खोलीवरील चूर्ण काढून त्यातील क्लोराइड मोजल्यास मीठ बाहेरून आले की मुळातच मिसळले होते, हे कळते. पृष्ठभागी प्रमाण अधिक व आत कमी असेल, तर ते बाहेरून आलेले असते. सर्व खोलींवर ते सारखेच जास्त आढळल्यास ठिगळवजा दुरुस्तीवर पैसे खर्च करण्यात अर्थ नसतो. तो भाग बदलण्याचाच विचार करावा लागतो.

ठिगळ का फसते, याचे उत्तर विद्युत-रसायनशास्त्रात आहे. गंजणारा भाग धनाग्र व शेजारचा भाग ऋणाग्र म्हणून कार्य करतो. त्यामुळे शेजारची सळई काही काळ सुरक्षित राहते. गंजलेल्या जागी नवे, क्षारमुक्त मिश्रण भरले की ते संरक्षण संपते आणि आसपासच्या क्षारयुक्त काँक्रीटमध्ये नवे धनाग्र तयार होते. लेखकाच्या घरी शेजारचा भाग फुगला, तो याच कारणाने.

दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. पावसाळा संपून काँक्रीट सुकल्यावर स्लॅबला टेकू द्यावेत. सैल व क्षारयुक्त काँक्रीट सळईच्या मागे किमान २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा होईपर्यंत काढावे. केवळ खालचा पृष्ठभाग खरवडणे पुरेसे नाही. सळई पांढरी दिसेपर्यंत घासून गोड्या पाण्याने धुवावी. क्षेत्रफळ २० ते २५ टक्क्यांहून अधिक घटले असल्यास नवी सळई जोडावी. त्यानंतर गंजरोधक लेप देऊन पॉलिमरयुक्त मसाला किंवा मायक्रोकाँक्रीट भरावे व त्याचे क्युरिंग गोड्या पाण्यानेच करावे.

६. नव्या कामासंबंधी

नव्या कामात फ्लाय अॅश किंवा धातुमळी मिसळलेले सिमेंट क्लोराइडला अधिक रोध करते. मात्र त्यास क्युरिंग जास्त काळ, १४ दिवसांपर्यंत, द्यावे लागते. सल्फेटरोधक सिमेंट किनाऱ्यासाठी उत्तम, हा समज सळ्या असलेल्या कामात दिशाभूल करणारा आहे. कारण क्लोराइडला बांधून ठेवणारे ट्रायकॅल्शियम अॅल्युमिनेट त्यात कमी असते. जोते, पायऱ्या व अंगण यांसाठी शक्य तेथे सळ्याविरहित काँक्रीट वापरावे. जेथे लोखंड नाही, तेथे गंजही नाही. चिऱ्याच्या भिंतीस सिमेंटचा कडक गिलावा देऊ नये. त्याने ओल आत कोंडते, क्षार गिलाव्यामागे साठतात व पोपडे सुटतात. अशा भिंतीस चुन्याचा गिलावाच अनुरूप ठरतो.

७. निष्कर्ष व शिफारशी

१) किनाऱ्यावरील काँक्रीटचे आयुष्य मुख्यतः आच्छादन, पाण्याचे प्रमाण, क्युरिंग व क्षारमुक्त साहित्य यांवर अवलंबून असते. यांतील एकही गोष्ट फारशी खर्चिक नाही.

२) निदानाविना केलेला गिलावा हा ऱ्हास झाकतो, थांबवत नाही.

३) छपराची मूळ रचना सुस्थितीत असल्यास तिची डागडुजी हा स्लॅबइतकाच विचारार्ह पर्याय मानावा.

४) सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनाने पाण्यातील व रेतीच्या धुवणातील क्लोराइड मोजणे हा पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिकाचा भाग आहे. किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी बांधकामाच्या हंगामात, विशेषतः एप्रिल व मे महिन्यांत, परिसरातील ग्रामस्थांसाठी ही तपासणी प्रकल्परूपाने हाती घ्यावी.

कोकणातील घर बहुधा मुंबईतील अनेक वर्षांच्या कमाईतून उभे राहते आणि त्याची दुरुस्ती आयुष्यात एकदाच शक्य होते. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी केलेली पाण्याची एक चाचणी ती कमाई वाचवू शकते. हे ज्ञान प्रयोगशाळेतून गवंड्याच्या घमेल्यापर्यंत पोहोचविण्याचे दायित्व आपणा अध्यापकांवरही आहे, असे वाटते.